कोर्टात हातोडा नसतो

आमच्या घरात एक नियम आहे. टीव्हीवर कोर्टाचा सिनेमा लागला की मी स्वयंपाकघरात जायचं. नियम आमच्या ह्यांनी केला आणि तो बरीच वर्षं टिकून आहे. ह्यांचं नाव मधुकरराव. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं, आणि त्यातही कोर्टाच्या सिनेमाचं जास्त. बायको कोर्टात लघुलेखक मिळाली याचा त्यांना लग्नाच्या वेळी केवढा आनंद झाला होता. पुढे काय वाढून ठेवलंय याची बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

मी मूळची दर्यापूरकडची. अकोल्याला मामाकडे राहून मराठी लघुलेखन शिकले, तिथल्याच कोर्टात लागले, आणि पुढे अमरावतीला बदलून आले. सगळी नोकरी न्यायाधीशांच्या पायाशी गेली. हे मी विनयाने म्हणत नाही. आमचं टेबल खरोखरच तिथे असतं, उंच चौथऱ्याच्या खाली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून हाताच्या अंतरावर. पिंजऱ्यातला माणूस खरं बोलतोय की खोटं हे साहेबांना नंतर कळतं. त्याच्या घामाचा वास आम्हाला आधी येतो.

बाहेरच्या माणसाला कोर्ट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण प्रत्येकाला वाटतं की आपण ते पाहिलेलं आहे. खऱ्या कोर्टात हातोडा नसतो. 'ऑर्डर ऑर्डर' असं मी एकाही न्यायाधीशाच्या तोंडून ऐकलेलं नाही. गडबड झाली तर साहेब चष्म्यावरून बघतात, तेवढ्यानं भागतं. शपथ असते, पण कुठल्या ग्रंथावर हात ठेवावा लागत नाही. वकील साक्षीदाराभोवती फेऱ्या मारत नाहीत, त्यांना तेवढी जागाच नसते. आणि ऐन निकालाच्या वेळी दार उघडून 'थांबा' म्हणत कोणी आत आलंच, तर शिपाई त्याला आधी मोबाइल बंद करायला सांगतो.

मग तिथे चालतं काय? वकील प्रश्न विचारतो. साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देतो. त्यातलं कामाचं तेवढं निवडून साहेब सरळ भाषेत सांगतात, आणि ते आम्ही लिहून घेतो. साक्षीदार म्हणतो, "साहेब, मी वावरातून येऊन राहिलो होतो, तं हा माह्या आंगावर धावून आला." कागदावर उतरतं, "मी शेतातून येत असताना आरोपी माझ्या अंगावर धावून आला." मग ते वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. प्रश्न, उत्तर, मजकूर, पुन्हा प्रश्न. वरून पंख्याची घरघर. दुपारच्या जेवणानंतर हे ऐकत जागं राहणं हाही आमच्या नोकरीचा एक भाग होता.

लोकांची यात फार निराशा व्हायची. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी मला नेहमी आठवतात. बागेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण होतं. साक्षीच्या दिवशी नवा सफारी घालून आले, आणि गावातली माणसं दोन गाड्या भरून सोबत आणली. पुकारा झाल्यावर पिंजऱ्यात चढले आणि साहेबांकडे पाठ करून लोकांकडे तोंड केलं. हात वर केला, घसा साफ केला. साहेब म्हणाले, "इकडे बघा. नाव सांगा." त्यांनी नाव सांगितलं. तेवढ्यात कळलं की समोरच्या पक्षाचे वकील आजारी आहेत. पुढची तारीख मिळाली. व्यापारी उतरले आणि शिपायाला म्हणाले, "याच्यापेक्षा तं आमच्या ग्रामपंचायतीत मजा येते."

सिनेमावाल्यांनी आमच्या कोर्टाची अशी वाट लावून ठेवलेली. त्यामुळे घरी टीव्हीसमोर बसले की मला राहवत नसे. मधुकरराव डोळ्यांत पाणी आणून बघत असायचे, आणि मी मधेच म्हणायचे, हा पुरावा असा दाखलच करता येत नाही. सगळ्यात जास्त राग यायचा तो सिनेमातल्या माझ्याच जागेवरच्या बाईचा. न्यायाधीशाच्या खाली एक बाई टाइपरायटर घेऊन बसवलेली असते. एकदा मी नीट पाहिलं, तिच्या मशीनमध्ये कागदच नव्हता. नायकाची आई जीव तोडून साक्ष देत होती आणि ही बया हवेत टाइप करत होती. मी ते मोठ्यानं बोलले. त्याच दिवशी स्वयंपाकघराचा नियम झाला.

मधुकररावांचं म्हणणं एवढंच होतं की सिनेमातला कंडक्टर कधी तिकीट देत नाही, कधी सुट्ट्या पैशांसाठी भांडत नाही, नायिकेसाठी भर रस्त्यात बस उभी करतो. तरी ते काही बोलतात का? मी म्हणायचे, तुम्ही बोलत नाही ही तुमची चूक. पुस्तकांचंही तेच. वाचनालयातून रहस्यकथा आणायची, झोपाळ्यावर बसून आवडीनं वाचायची, आणि खटल्याचं प्रकरण आलं की पेन्सिल घेऊन बसायचं. निम्म्या पुस्तकांमधला खुनी कोण हे मला अजून माहीत नाही. तिथपर्यंत मी पोचलेच नाही.

निवृत्त झाल्यावर एक दिवस मोहोड सर घरी आले. अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतात आणि हौशी मंडळी जमवून नाटकं बसवतात. नवीन नाटक कोर्टावर होतं. एका आईची साक्ष, तोच नाटकाचा गाभा. सर म्हणाले, त्यांना अगदी वास्तववादी कोर्ट हवंय, सिनेमातलं नको. मी मधुकररावांकडे असं पाहिलं की ते चहा टाकायला उठून गेले.

पुढचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. मी तालमीला खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दिवशी हातोडा काढला. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाचा केसांचा टोप काढला. वकिलांना जागेवर उभं केलं. पुकारा कसा करायचा ते शिपायाचं काम करणाऱ्या मुलाला गच्चीवर नेऊन शिकवलं. आणि मुख्य म्हणजे, साक्षीदाराच्या प्रत्येक उत्तरानंतर न्यायाधीशानं मजकूर सांगायचा आणि लघुलेखकानं तो लिहून घ्यायचा, हे नाटकात आणलं. लघुलेखकाच्या टेबलावर कोरे कागद आहेत की नाहीत हे मी रोज स्वतः बघत असे. मोहोड सर वहीत टिपणं काढायचे आणि "अप्रतिम, मॅडम" म्हणायचे.

आईचं काम शोभा करत होती. अंगणवाडीत शिकवते, चाळिशीची, दोन मुलांची आई. यापूर्वी तिनं शेजारीण, मोलकरीण, गर्दीतली बाई, एवढंच केलेलं. पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं. तिच्या सासूबाई धामणगाव रेल्वे या गावी राहायच्या आणि हे नाटकाचं खूळ त्यांना पसंत नव्हतं. शोभानं मोठ्या मिनतवारीनं त्यांना प्रयोगाला बोलावलं होतं. एकदा बघा, मग म्हणाल तर सोडून देईन, असं सांगून.

अमरावतीचा प्रयोग रविवारी दुपारी झाला. हॉल भरलेला होता. पडदा उघडला आणि समोर माझं कोर्ट उभं राहिलं. अगदी खरं. पंखासुद्धा घरघरत होता. पहिल्या रांगेत काही वकील मंडळी होती, ती खूश झाली. तारीख पडल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या लोकांना कळेना की टाळी कशाला. थोड्या वेळानं मागच्या रांगा हलायला लागल्या. लोक एकेक करून चहाला जाऊ लागले. मध्यंतरात एका गृहस्थांनी मला विचारलं, न्यायाधीशाचं काम करणाऱ्याची तब्येत बरी नाही का? कारण तो मोठ्यानं बोलतच नव्हता. मी त्यांना म्हणाले, न्यायाधीश असेच बोलतात. ते म्हणाले, "असतीन."

मग साक्षीचा प्रवेश आला. शोभा पिंजऱ्यात उभी राहिली. मेलेल्या मुलाबद्दल ती बोलत गेली. हॉल शांत झाला. ती खरंच रडायला लागली. आणि मी शिकवल्याप्रमाणे, बरोबर त्याच क्षणी, न्यायाधीशानं लघुलेखकाकडे वळून मजकूर सांगितला, "साक्षीदारास रडू आले."

हॉलमध्ये हशा पिकला.

वाईट मनानं कोणी हसलं नाही. ते वाक्यच तसं होतं. पण एकदा हशा फुटल्यावर त्याला आवर नव्हता. पुढे शोभानं तोंड उघडलं की न्यायाधीश काय म्हणतो याची लोक वाट बघायला लागले. धामणगावच्या सासूबाई तिसऱ्या रांगेत होत्या. त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

कोर्टात अगदी तसंच लिहितात हो. मी स्वतः कितीदा लिहिलंय.

प्रयोग संपल्यावर शोभा मेकअप न पुसता बसून होती. मी जवळ गेले. ती माझ्यावर चिडली नाही, तेच जास्त लागलं. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या कोर्टात मला काही करताच येत नाही. मी रडले की साहेब ते लिहून मोकळे होतात." सासूबाई जाताना तिला म्हणाल्या होत्या की छान होतं, हसून हसून पोट दुखलं.

अकोल्याला दुसरा प्रयोग ठरलेला होता. मधल्या दिवसांत मंडळींची बैठक झाली. मोहोड सर फार सभ्य माणूस. त्यांनी वास्तव आणि वास्तवाचा आभास यावर बराच वेळ भाषण केलं. त्याचा अर्थ एवढाच होता की मॅडमचं ऐकून आपण फसलो. मधुकरराव मला न्यायला आले होते, ते दाराशी उभे होते. सरांनी त्यांना प्रेक्षक म्हणून मत विचारलं. ते म्हणाले, "सर, खोटं हाय हे मलेबी मालूम असते. पण खोटं हाय म्हनून मी तिकीट काढतो. खरं पाहाले तं मी आयुष्यभर बसमध्ये उभा होतो."

सगळे हसले, मीही हसले. पण शोभा हसली नाही. तिनं मला विचारलं, तुमच्या नोकरीत अशी आई खरंच आली होती का? आणि ती काय बोलली होती?

तेव्हा मी त्यांना अकोल्याच्या कोर्टातली एक साक्ष सांगितली. घरी मधुकररावांनाही ती कधी सांगितलेली नव्हती.

जीपच्या अपघाताचा खटला होता. एक तरुण मुलगा गेला होता. त्याच्या आईची साक्ष फक्त प्रेत ओळखल्याबद्दल होती. सरकारी वकिलांचे दोनतीन प्रश्न, की संपलं. बाई खेड्यातली, लुगडं धुवून नेसून आलेली. वकिलांनी विचारलं, मयत तुमचा कोण? ती बोलायला लागली आणि थांबेना. त्या दिवशी सकाळी तो न जेवता निघाला होता. भाकर झाकून ठेव, आल्यावर खातो म्हणाला. बहिणीसाठी काय आणणार होता, जीपमध्ये आत जागा होती तरी मागे का लोंबकळला, दवाखान्यात तिला आधी कोणी आत सोडलं नाही, आणि मग तिनं त्याला कसं ओळखलं. साहेब चांगले होते. त्यांनी तिला अडवलं नाही. ती दमून थांबली तेव्हा त्यांनी मला हळू आवाजात मजकूर सांगितला. मयत हा माझा मुलगा होता. घटनेच्या दिवशी तो जीपने दर्यापूरला जात होता. मी त्याचे प्रेत ओळखले. मी ते तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे ना?

ती म्हणाली, "बरोबर हाय बाई. पन मी असं नाई म्हनलं."

साहेबांनी विचारलं, यात चूक काय आहे? ती म्हणाली, चूक काहीच नाही. मग तिनं अंगठा दिला आणि ती गेली. साहेबांचंही चुकलं नव्हतं. खटल्याला तेवढंच लागत होतं. आरोपीला शिक्षा झाली, त्यात त्या तीन ओळींचाही आधार होता. पण त्या दिवशी बाकी कामात माझं लक्ष लागलं नाही.

मी बोलायचं थांबले तेव्हा मोहोड सर वहीत काही लिहीत नव्हते. शोभा म्हणाली, "मला ते न लिहिलेलं बोलायचंय."

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं की साक्षीदाराला असं बोलता येत नाही. पण मग मी त्यांना त्या बाईचं बरंचसं बोलणं दिलं. मुलाला कसं ओळखलं, तेवढं मात्र दिलं नाही. नाव बदललं, गाव बदललं तरी ते कोणाच्या कानावर गेलं असतं, तर त्या घराला कळलं असतं. शोभानं आग्रह केला नाही. म्हणाली, ते मी माझं बघते.

अकोल्याच्या प्रयोगाला मी मधुकररावांच्या शेजारी बसले. पडदा उघडला आणि पहिली गोष्ट दिसली ती हातोडा. मोहोड सरांनी मला न विचारता परत आणला होता. टोपही आला होता. मधुकररावांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी दात आवळून बसले. वकील फेऱ्या मारायला लागला. तेही सोसलं.

साक्षीच्या प्रवेशात न्यायाधीशानं तीन ओळी सांगितल्या, लघुलेखकानं वाचून दाखवल्या, आणि शोभा म्हणाली की बरोबर आहे, पण मी असं म्हटलं नाही. मग ती पिंजऱ्यातून खाली उतरली. साक्षीदार असा उतरत नाही. ती चालत रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला आली, लोकांच्या समोर उभी राहिली आणि बोलायला लागली. मागे कोर्ट आपलं आपलं काम करत राहिलं, आवाज न करता. शिपायानं दुसऱ्या कोणाचा तरी पुकारा केला, त्याचे नुसते ओठ हलले.

ओळखण्याच्या जागी शोभानं स्वतःचं घातलं होतं. मुलाच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं, घरात पांढरं सापडलं नाही म्हणून आईनं तिथे निळं लावलं. तो सकाळी म्हणाला होता, लोक हसतील. ती म्हणाली, जीपमध्ये कोण पाहते बटन? दवाखान्यात चादरीखालून तिला ते निळं बटण दिसलं.

असं काही झालेलं नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण खरं काय झालं ते मी ऐकलेलं आहे. बटण शोभाच्या डोक्यातून आलं होतं. त्यातही माझी जुनी सवय क्षणभर जागी झालीच, की ओळख अशी एका बटणावरून धरणार नाहीत, आधी चेहरा दाखवतील. आणि तेवढ्यात लक्षात आलं की मला समोरचं नीट दिसत नाहीये. मधुकररावांनी रुमाल पुढे केला. माझ्यासाठी रुमाल काढायची वेळ त्यांच्यावर सिनेमा-नाटकात पहिल्यांदाच आली होती. त्यांनी त्याबद्दल पुढे महिनाभर चिडवलं ते वेगळं.

प्रयोग चांगला झाला. शोभाच्या सासूबाई या वेळी नातीला घेऊन स्वतःहून आल्या होत्या. कौतुकाचा शब्द काढला नाही. शोभाच्या गळ्यावरचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाल्या, पुढचं कुठे आहे ते आधी सांगत जा, गाडीची वेळ बघावी लागते.

आम्ही निघालो तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मधुकरराव गाडी काढायला गेले. मी पायऱ्यांवर उभी होते, तेव्हा एक बाई जवळ आली. माझ्यापेक्षा वयानं लहान, हातात कापडी पिशवी. अकोल्याला बहिणीकडे आली होती, बहिणीनं नाटकाला आणलं. कोणीतरी तिला सांगितलं होतं की या मॅडम कोर्टात होत्या. तिनं विचारलं, "बाई, कोर्टात असं बोलू देतेत काय?"

एवढी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते असं म्हणायला हरकत नाही. उत्तर पाठ होतं. पण तिचा चेहरा बघून मी आधी विचारलं की काहून विचारून राहिली? तिनं सांगितलं की पुढच्या आठवड्यात दर्यापूरच्या कोर्टात तिची साक्ष आहे. समन्स आलंय. नाटक पाहून तिला धीर आला होता.

मग खोटं सांगणं शक्य नव्हतं. मी तिला पायरीवर बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. असं बोलू देत नाहीत. विचारलं तेवढंच सांगायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, अंदाजानं बोलायचं नाही. साहेबांकडे बघून बोलायचं. समोरचा वकील चिडवेल, तो त्याचा धंदा आहे, आपण चिडायचं नाही. आणि शेवटी वाचून दाखवतील तेव्हा कान देऊन ऐकायचं, चुकलं असेल तर सही करायच्या आधी सांगायचं. हातोडा नसेल, कोणी ओरडणार नाही, घाबरायचं काही कारण नाही.

ती मान डोलावत ऐकत होती. सगळं कळलं म्हणाली. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मंग बाकीचं कोनाले सांगाव?"

नोकरीत हे कोणी शिकवलेलं नाही. मी म्हणाले, "मले सांग."

ती सांगायला लागली. मधुकरराव गाडी घेऊन आले, त्यांनी बघितलं, गाडी बंद केली आणि समोरच्या टपरीवरून तीन चहा आणले. एक तिच्या हातात दिला आणि आमच्यापासून दोन पायऱ्या खाली जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. तिनं काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं लागेल तेवढं कोर्टानं लिहून घेतलं असेल.